कोरडा वाटणारा साचा

हिप्परग्याच्या तलावावर बांधाच्या अंगाला गळ टाकायचा तर शिसं जाणार हे धरूनच बसावं लागतं. खाली सगळी दगडांची रास आहे. शिसं दोन दगडांच्या बेचक्यात जाऊन बसलं की इकडून ओढा, तिकडून ओढा, येत नाही. शेवटी तंगूस हाताला गुंडाळून ताणायचा आणि तुटला की पुन्हा नवीन गळ, नवीन शिसं बांधायचं. गेल्या वर्षी होळीनंतरच्या एका सकाळी माझी सहा शिसं गेली आणि हाती लागल्या दोन चिलापी. तुळजापूर रोडने परत येताना गाडीवर तोच हिशेब डोक्यात घोळत होता. एक शिसं २५ रुपयांना, म्हणजे १५० रुपये पाण्यात.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात जॉबर आहे. टॉवेलचा माग बिघडला की खोलायचा, जोडायचा, चालू करून द्यायचा, हे माझं काम. लागेल तो भाग हाताने घडवायची सवय असलेल्या माणसाला शिशाचा गोळा विकत आणणं पटत नव्हतं. गळाचं शिसं म्हणजे तरी काय? अंड्याच्या आकाराचा गोळा आणि मधून आरपार भोक. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, साधी शेगडी पुरते. स्वयंपाकघरात हे करायचं नाही, एवढं सुरुवातीपासून पक्कं होतं. बाकीचं करता करता कळलं, आणि त्यातलं थोडं अंगावर घेऊन कळलं.

पहिला प्रश्न शिसं आणायचं कुठून. भंगारवाल्याने आधी बॅटरीच्या प्लेटा पुढे केल्या आणि स्वस्तात देतो म्हणाला. मी घेतल्या नाहीत, आणि कुणीही घेऊ नयेत. प्लेटांत आम्ल मुरलेलं असतं, शिशाची बारीक भुकटी असते, आणि धातूत अँटिमनी, काही वेळा आर्सेनिकही मिसळलेलं असतं. असा माल वितळवून वर आलेल्या मळीला नंतर ओल लागली तर आर्सिन नावाचा जीवघेणा वायू निघू शकतो. उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळवण्याचा धंदा जिथे चालतो, तिथल्या मातीत शिसं उतरतं आणि तिथल्या पोरांच्या रक्तात जातं. थोडे पैसे वाचवायला मी त्या वाटेला जाणार नव्हतो.

मग टायरवाल्यांकडे गेलो. चाक बॅलन्स करताना रिमच्या कडेला जी छोटी वजनं ठोकतात, ती जुनी झाली की काढून टाकतात. तीन दुकानं फिरलो. एकाने बिस्किटाच्या डब्यात साठवलेली सगळी वजनं तशीच हातात दिली. घरी येऊन वजन केलं तर माती, ग्रीस, पत्र्याच्या क्लिपांसकट जवळजवळ आठ किलो भरलं.

हे सगळं शिसंच असेल असं मला वाटलं होतं. गोणपाटावर ओतून बसलो तेव्हा पहिला धडा मिळाला. सगळी वजनं सारखीच करडी, सारखीच मळकी. लोहचुंबक फिरवला तर बरीचशी त्याला चिकटली, ती लोखंडाची. पण क्लिप लोखंडाची असल्यामुळे शिशाचं वजनही क्लिपेच्या बाजूने चिकटतं. म्हणून चुंबक क्लिपेला न लावता अंगाला लावून बघावं लागलं. राहिलं जस्त, आणि खरा घोटाळा जस्ताचाच. चुंबकाला ते चिकटत नाही आणि दिसायला शिशासारखंच. पक्कड घेऊन एकेक दाबत गेलो. शिशात पक्कडीचे दात लोण्यात सुरी जावी तसे जातात, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. फरशीवर टाकून आवाजही ऐकला. शिसं थप्प पडतं, जस्त टणकन वाजतं. काहींवर बारीक अक्षरं कोरलेली होती, ती भिंगातून वाचली. दोन संध्याकाळी यातच गेल्या. हातात चांगलं म्हणावं असं साडेचार किलो राहिलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर थोडंसं जस्त जरी वितळून शिशात गेलं तरी कढईतला सगळा माल नासतो. मिश्रण पाण्यासारखं वाहायचं सोडून रव्याच्या खिरीसारखं घट्ट होतं आणि साचा भरतच नाही. जस्त ४१९ अंशाला वितळतं. म्हणजे शिसं वितळलं की आच कमी ठेवली, तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. माझ्याकडे एवढं निवडूनही दोन तुकडे तरंगले.

जागा मिळाली दोस्ताच्या रानात. विहिरीजवळ त्याची पत्र्याची शेड आहे, तीन बाजूंनी मोकळी. जुनी लोखंडी कढई, लोखंडी पळी आणि झारा नेला आणि तिन्हींच्या दांड्यांना लाल रंग फासला, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती स्वयंपाकाला घेऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं मी मुद्दाम टाळलं. तापून ते मऊ पडतं, आणि पाच किलो पातळ शिसं पोटात घेऊन त्याचा कान निखळला तर पायावर काय येईल ते सांगायला नको. छोटा सिलिंडर, त्यावर शेगडी. अंगात जाड सुती शर्ट, जुनी जीन्स, चामड्याचे बूट, वेल्डिंगचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल.

दोस्ताचे वडील शेळ्या घेऊन आले. कढईत बघून म्हणाले, "काय रे, बंदुकीच्या गोळ्या पाडायलास का काय?"

"नाही काका, गळाचं शिसं करायलोय."

त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, घरी बसून बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतणं हा रीतसर छंद आहे. कढई, पळी, साचा, मेण, सगळं हेच. शिसं निवडायचं कसं, साफ करायचं कसं, याची निम्मी अक्कल मला त्यांच्याच लिखाणातून मिळाली. आपल्याकडे ती वाट बंद आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. माझ्याकडे बंदूक नाही आणि हौसही नाही. काकांना हे सगळं समजावून सांगितलं, कारण गावात बोलणं कुठल्या कुठे जातं.

शिसं वितळताना बघणं मला आजही आवडतं. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही. तुकडे आपले कढईत पडून असतात. मग तळाचा एखादा तुकडा कलतो, त्याच्याखालून चकचकीत पाणी डोकावतं आणि बघता बघता सगळा ढीग खचतो. क्लिपा, माती, लोखंड सगळं वर. शिसं इतकं जड की लोखंडही त्यावर तरंगतं. क्लिपा झाऱ्याने काढल्या. मग मेणबत्तीचा तुकडा टाकून कढई तळापासून ढवळली. मेण भडकतं, धूर होतो, म्हणून तोंड लांब ठेवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. मेणाने वर आलेला करडा थर पुन्हा धातूत जातो आणि खरी घाण तेवढी काळी भुकटी होऊन वेगळी पडते. ती काढली की खाली आरशासारखं शिसं. त्यात पत्र्याच्या छताचे पन्हाळ दिसत होते.

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने भांड्यात फिरवलेलं कथील. आम्ही पोरं गोल करून बसायचो. तो चमकणारा धातू आणि हा, दिसायला सख्खे भाऊ. पण कल्हई कथलाची. त्यात पैसे वाचवायला कुणी शिसं मिसळलं तर त्याच भांड्यातल्या आंबट आमटीतून ते पोटात जातं. आई कल्हईवाला का पारखून घ्यायची, ते मला त्या शेडमध्ये उभं राहून कळलं.

आता साचा. इथे माझी चूक झाली.

पहिला साचा मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला होता. दुकानातल्या शिशाला तेल लावून अर्धं प्लास्टरमध्ये बुडवलं, ते घट्ट झाल्यावर वरून दुसरा अर्धा भाग ओतला. दोन्ही भाग सुटे केले, ओतायला तोंड कोरलं. मग गच्चीवरच्या पत्र्यावर तीन दिवस उन्हात ठेवला. सोलापूरचा एप्रिल, पारा ४२ च्या वर. पत्र्यावर हात टेकत नव्हता. तिसऱ्या दिवशी साचा गालाला लावून बघितला. ओला असता तर गार लागला असता, तो कढत लागला. वजनाला हलका, बोटाने वाजवला तर खणखणीत. या उन्हात वाळणार नाही अशी वस्तू जगात नाही, अशी माझी खात्री होती.

पहिली पळी ओतली. एक क्षण सगळं ठीक. मग साच्याच्या आतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला आणि तोंडातून शिसं उकळायला लागलं. मी मागे सरेपर्यंत ते उडालं. गॉगलवर दोन थेंब टचटच आपटले. एक थेंब डाव्या मनगटावर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते त्या बोटभर उघड्या जागेवर बसला. तो झटकला तर गेला नाही, चिकटूनच राहिला. उजव्या हाताने खरवडून काढला तेव्हा खालची कातडी पांढरी पडली होती, पापडासारखी.

दोस्ताने पहिल्यांदा गॅस बंद केला, आणि मग मला विहिरीवर नेलं. मोटर चालू करून पाइपच्या धारेखाली २० मिनिटं हात धरला. काकूंनी टूथपेस्ट आणली होती, मी लावू दिली नाही. नंतर दवाखान्यात गेलो. पंधरा दिवस पट्टी होती. डाग आहे अजून, हरभऱ्याएवढा. गॉगल मात्र मी जपून ठेवलाय. उजव्या डोळ्याच्या बरोबर समोर त्याच्या काचेत एक खड्डा आहे.

पट्टी असताना कामावर सुट्टी होती, तेव्हा शोधत बसलो की माझं चुकलं कुठे. उत्तर असं निघालं. प्लास्टर पाणी उडून जाऊन घट्ट होत नाही, पाणी आत घेऊन घट्ट होतं. ते पाणी त्याच्या स्फटिकाचाच भाग बनतं. हाताला लागत नाही, गालाला लागत नाही. वरवरची ओल उन्हाने जाते, पण आतलं हे पाणी १०० अंशांच्या चांगलं वर तापवल्याशिवाय पुरतं सुटत नाही, आणि सोलापूरचा एप्रिल कितीही कडक असला तरी तिथवर पोचत नाही. मी त्यावर ३५० अंशांचं शिसं ओतलं. पाण्याची वाफ झाली की ती १,६०० पटींहून जास्त जागा मागते. तिने वरचं शिसं बाहेर फेकून दिलं. माझा साचा हाताला कोरडा होता, खरोखर कोरडा कधीच नव्हता.

प्लास्टर भाजून घेता येतं असं काही जण सांगतात. मला पुन्हा ते करायचं नव्हतं. ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत साचा करून घेतला. त्याला आकारापेक्षा वजन सांगावं लागलं. मला ४० ग्रॅमचं शिसं हवं होतं. शिशाची घनता ११.३४, म्हणजे आतली जागा साडेतीन घन सेंटिमीटर. भोकासाठी मधून जाणारी पोलादी तार, दोन्ही ठोकळे नेमके बसावेत म्हणून दोन पिना, वरून नरसाळ्यासारखं तोंड. त्याने माझा जुना प्लास्टरचा साचा बघितला, मनगट बघितलं, आणि मजुरी निम्मीच घेतली.

या साच्यानेही सुरुवातीला हात दिला नाही, पण कारण समजण्यासारखं होतं. पहिली पाच-सहा शिसं म्हातारीच्या गालासारखी सुरकुतलेली निघाली. साचा गार असला की शिसं भरायच्या आतच गोठतं. आत मेणबत्तीची काजळी धरली आणि साचा कढईच्या कडेला टेकवून तापवत ठेवला. आठवं शिसं काढलं तेव्हा मी ते उन्हात धरून दोस्ताला दाखवलं. एक सुरकुती नाही, कडा स्वच्छ, अंग चंदेरी. मग हात बसला आणि वेग वाढला, तसा साचा जास्त तापला आणि शिसं दह्यासारखं पांढरट, खरखरीत निघू लागलं. वजनाला त्याने काही बिघडत नाही. मिनिटभर थांबलं की पुन्हा चकचकीत. आणखी एक, तोंड भरलं म्हणून पळी लगेच उचलायची नाही. शिसं गोठताना आकसतं आणि वरून आणखी ओढून घेतं. तोंडावर थोडं जास्तीचं राहू दिलं नाही तर शिशाला वर खळगा पडतो.

फसलेलं शिसं, तोंडाचे तुकडे, सगळं परत कढईत जातं. फक्त घाईने टाकायचं नाही. आधी ते कढईच्या काठावर तापवून घ्यायचं, कारण त्यावर घामाचा थेंब असू शकतो. पाऊस दिसत असेल तर मी शेगडी पेटवतच नाही.

त्या दिवशी ५२ शिसं झाली. पिशवीत घालून घरी आणली आणि इथे दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पिशवी कपाटाखाली सरकवली होती. तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर माझी चार वर्षांची पोरगी फरशीवर बसलेली, पुढे शिसं ओळीने मांडलेली. एक तिच्या तोंडात होतं.

"बाबा, गोट्या," ती म्हणाली. ते तोंडातून काढून तिने माझ्या हातावर ठेवलं. ओलं होतं.

मनगट भाजलं तेव्हा मी ओरडलो होतो. या वेळी आवाजच फुटला नाही. बायकोने तिचं तोंड धुतलं, हात धुतले, सगळी शिसं मोजली. ५२ भरली, म्हणजे गिळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली, तिची आणि माझीही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तात शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, आणि एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम आढळले तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायला हवं. पोरांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषून घेतं आणि ते मेंदूवर जातं. तिचा अहवाल यायला चार दिवस लागले. २ च्या आत होता. माझा ४.

माझा ४ का, याचाही विचार केला. ओतताना कढईतून निघणाऱ्या वाफेची मला भीती वाटत होती. पण या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते. धोका जास्त त्या करड्या भुकटीचा. मळी काढताना ती बोटांना लागते, कपड्यांवर बसते, बुटांबरोबर घरात येते. आणि आमच्याकडे काम थांबलं की आधी बिडी निघते. मी बिडी ओढत नाही, पण तंबाखू मळायचो. शिसं निवडलेल्या त्याच तळहातावर.

तंबाखू त्या आठवड्यात सुटली. बायकोने दुसरं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाली, "ते पुन्हा या उंबऱ्याच्या आत यायचं नाही." आलं नाही. कढई, साचा, कपडे, बूट, तयार शिसं, सगळं दोस्ताच्या शेडमध्ये पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद असतं. काम झालं की तिथेच साबणाने हात, तोंड धुऊन कपडे बदलून निघतो. मळी झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवतो आणि ती रानात कुठेही टाकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, माझा आकडा अडीचवर आला होता.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. हिवाळ्यात हिप्परग्यावर पाहुणे पक्षी उतरतात. उजनीच्या फुगवट्यावर तर रोहित पक्ष्यांचे थवे येतात, आम्ही तिकडेही गळ घेऊन जातो. पाणपक्षी दाणा दळायला बारीक खडे गिळतात, आणि तळातलं लहान शिसं त्यांना खड्यासारखंच दिसतं. इंग्लंडमध्ये हंस असे मेले, म्हणून तिथे १९८७ पासून साधारण २८ ग्रॅमपर्यंतच्या गळाच्या शिशावर बंदी आहे. माझं शिसं ४० ग्रॅमचं, एखादं बदक ते गिळणार नाही. तरी पाण्यात पडून राहिलेलं शिसं ते शिसंच. लहान साचा करून दे म्हणून दोघा-तिघांनी मागणी केली, त्यांना मी नाही म्हणालो.

आता बांधाच्या बाजूला, जिथे अडकणार हे ठाऊकच असतं, तिथे मी मागाचे जुने लोखंडी नट बांधतो. कारखान्यात ते पडीक असतात, आणि गेले तर गंजून जातील. शिसं फक्त गाळाच्या बाजूला, जिथून ते परत येतं. पेटीत एक वही ठेवलीय, नेताना आणि आणताना मोजून लिहितो. गेल्या खेपेला १२ नेली, ११ परत आली. बारावं कुठे गेलं ती जागा मी काठावरच्या बाभळीवरून धरून ठेवलीय. मे महिन्यात पाणी खाली गेलं की चालत जाऊन काढता येईल.